समुद्रापार किती लांब? तेरच्या बैलगाडीपासून न्यूयॉर्कच्या विमानापर्यंत



आम्ही माकणीहून बोलतोय. एरवी या वेळेला आपण हप्ता, व्याज, शेळ्या, शिलाई, नाहीतर बँकेच्या कागदांवर बोलतो. आज जरा लांबचा विषय घेतला आहे. समुद्राच्या अलीकडच्या शहरातून पलीकडच्या शहरात जायला किती अंतर पडतं, किती वेळ लागतो आणि हा वेळ दोन हजार वर्षांत कसा कमी होत गेला, ते आज बघू.

कुणी म्हणेल, आपल्याला विमानाचं काय करायचं? पण आता खेड्यापाड्यातही कुणाची भाची परदेशात आहे, कुणाचा पुतण्या दुबईला कामाला आहे. बैठकीत मधेच फोन वाजतो आणि काकू म्हणतात, "थांबा गं, तिकडं आता रात्र असंल, लेकरू जागं राहून बोलतंय." आणि दुसरं कारण असं, की ही गोष्ट मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही. ती आपल्याच तेरणेच्या काठावर सुरू होते.

आधी एक आकडा लक्षात ठेवा. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवेतलं अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. न थांबता जाणाऱ्या विमानाला त्यासाठी साधारण १६ तास लागतात. जुन्या मापात सांगायचं तर चार हजार कोसांच्या आसपास. आता मागे जाऊ.

तेरचं कापड आणि तीस दिवसांची वाट

तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी तेर मोठी बाजारपेठ होती. तेव्हा तिचं नाव होतं तगर. आपल्या माकणीला धरणात जे पाणी साठतं, ती तेरणा नदी वरच्या अंगाला तेरच्या शेजारून येते. म्हणजे तगरचे व्यापारी आणि आपण एकाच नदीचं पाणी प्यालेलो आहोत.

साधारण १,९५० वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. कोणत्या बंदरात काय मिळतं, कुठे धोका आहे, कोणत्या महिन्यात निघावं, असं सगळं त्यात आहे. त्यात आपल्या भागाची नोंद आहे. तो लिहितो, की बारिगाझा बंदरापासून, म्हणजे गुजरातेतल्या भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात.

यात एक गोष्ट बघा. तो अंतर कोसांत सांगत नाही, दिवसांत सांगतो. पैठण ते तेर हे सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आहे. दहा दिवस धरले तर दिवसाला पंधरा किलोमीटर पडतात, आणि भरल्या बैलगाडीची चाल तेवढीच असते. माल लादलेले बैल, नदीचे उतार, रात्रीचा मुक्काम, हे सगळं त्या दहा दिवसांत आलं. पूर्वी आपल्याकडेही आजी म्हणायची, "माहेर दोन मुक्कामांवर आहे." तोच हा हिशोब.

म्हणजे तेर ते भडोच तीस दिवस. पुढे समुद्र. अरबी समुद्र ओलांडायला वारा लागायचा आणि वारा ज्याच्या त्याच्या वेळेलाच वाहतो. आपल्याकडे जो वारा मृगाचा पाऊस आणतो, त्याच वाऱ्यावर शिडं सोडून जहाजं तिकडून इकडे यायची. पावसाळा सरून वारा उलटा फिरला, की माल भरून इकडून तिकडे जायची. रोमन लेखक प्लिनी याने या प्रवासाचे दिवस मोजून ठेवले आहेत. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीतून १२ दिवस, पुढे वाळवंटातून उंटांवर १२ दिवस, तांबड्या समुद्रातून साधारण ३० दिवस आणि तिथून केरळच्या किनाऱ्यापर्यंत ४० दिवस. वाऱ्याची वाट बघत बसावं लागायचं ते वेगळंच. एक जाऊन-येऊन फेरी म्हणजे जवळजवळ वर्ष.

हे सगळं पुस्तकातलंच आहे असं नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई शहरात उकरताना सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे त्याच्या आधीच ती मूर्ती समुद्र ओलांडून तिथे पोचलेली होती. पुढे तगर हे नाव लोक विसरले. तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर अभ्यासकांचे वाद चालायचे. १९०१ साली फ्लीट नावाच्या संशोधकाने तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिलं.

त्या वहीत कापडाचं नाव आहे, बंदराचं नाव आहे. सूत कुणी कातलं त्यांची नावं नाहीत. कातणाऱ्या हातांनी समुद्र पाहिला असेल असं वाटत नाही. माल समुद्रापार गेला, माणूस काठावरच राहिला. पुढे बराच काळ हेच चालू राहिलं.

वळसा, आगबोट आणि कालवा

मध्ये बरीच शतकं गेली. वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला पोर्तुगालच्या लिस्बनहून निघाला आणि आफ्रिकेला संपूर्ण वळसा घालून २० मे १४९८ ला कालिकतला पोचला. साडेदहा महिने लागले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं त्याच वाटेने यायची. शिडाच्या जहाजाला चार ते सहा महिने लागत. वारा पडला तर आणखी जास्त.

मग आगबोट आली. मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून निघाली आणि महिनाभरात सुएझला पोचली. आगबोटीला वाऱ्याची वाट बघावी लागत नव्हती, पण कोळसा लागायचा आणि तो वाटेत ठिकठिकाणी साठवून ठेवावा लागायचा. सुएझला उतरल्यावर प्रवासी आणि टपालाच्या थैल्या जमिनीवरून इजिप्त ओलांडायच्या. आधी उंट आणि गाड्या होत्या, पुढे रेल्वे आली. पलीकडच्या समुद्रावर दुसरी बोट उभी असायची.

ही मधली जमीन खणून १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला. आफ्रिकेच्या वळशाने मुंबई ते लंडन समुद्रमार्ग जवळजवळ २०,००० किलोमीटर पडायचा. कालव्याने तो साडेअकरा हजारांवर आला. आपल्या शिवारात बांधावरून रस्ता मिळाला की शेताचा फेरा कसा वाचतो, तसंच हे झालं, फक्त माप मोठं. आता मुंबईहून लंडन तीन आठवड्यांवर आलं.

पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, समुद्राच्या तळाने तारेची केबल टाकून मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. माणसाला तीन आठवडे लागत होते, बातमी काही तासांत जाऊ लागली. माणूस आणि बातमी यांच्या वाटा तिथे वेगळ्या झाल्या.

आनंदीबाईंचे अठ्ठावन्न दिवस

वाट झाली, बोट आली. पण आपल्या घरातल्या माणसांना समुद्र ओलांडायची मुभा नव्हती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं उच्चवर्णीयांत मानत. परत आलेल्या पुरुषाला प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. बाईच्या बाबतीत तर तो प्रश्नच कुणी काढत नव्हतं.

अशा काळात आनंदीबाई जोशी निघाल्या. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं आणि मूल दहा दिवसांत गेलं. वेळेला नीट औषधपाणी मिळालं नाही. त्या काळी बाई परक्या पुरुष डॉक्टरला दाखवायची नाही आणि बाई डॉक्टर तर मिळतच नव्हती. आपण डॉक्टर व्हायचं, हे आनंदीबाईंच्या मनाने तिथे घेतलं.

अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी एका मासिकात त्यांच्याबद्दल वाचलं आणि पत्र पाठवलं. मग दोघींची पत्रं सुरू झाली. एक पत्र पोचायला महिनाभर, उत्तर यायला तितकाच वेळ. म्हणजे वर्षभरात जेमतेम पाच-सहा सवाल-जवाब. एवढ्यावर दोघींनी मावशी-भाचीचं नातं जोडलं, एकमेकींना पाहिलेलं नसताना.

२४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात सभेपुढे उभं राहून आपण अमेरिकेला का जातो ते सांगितलं. या देशात बाई डॉक्टरांची फार गरज आहे, हे त्यांच्या बोलण्यातलं मुख्य कारण. ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. नवरा बरोबर नाही, सोबतीला ओळखीच्या मिशनरी बाया. बोटीवर नऊवारी लुगडं आणि शाकाहारी जेवण. सुएझ कालव्यातून इंग्लंड, तिथून दुसऱ्या बोटीने अटलांटिक महासागर आणि ४ जून १८८३ ला न्यूयॉर्क.

मोजा. सात एप्रिल ते चार जून म्हणजे अठ्ठावन्न दिवस. तासांत केले तर १,३९२. आजच्या सोळा तासांच्या सत्त्याऐंशी पट.

त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. थंडी, अपुरं जेवण, आजारपण सगळं सोसलं. प्रबंधाला विषय घेतला तो आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. ऑक्टोबर १८८६ मध्ये अमेरिका सोडून त्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एकही रुग्ण त्यांना नोकरीवर तपासता आला नाही.

पुढे त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवलेली आहे आणि तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. म्हणजे ती वाट त्यांनी तीनदा पार केली, तिसऱ्यांदा मरणानंतर.

त्यांचं सगळं चरित्र सांगायला वेळ नाही. आमचा मुद्दा एवढाच, की आनंदीबाई एवढ्या लांब हौसेने गेल्या नाहीत. घराजवळ बाई डॉक्टर नव्हती, म्हणून त्यांना अठ्ठावन्न दिवसांवर जावं लागलं. जवळची गोष्ट लांब होती, म्हणून लांबची जवळ करावी लागली.

पृथ्वीला वेढा घातलेली बाई आणि परत न आलेले लोक

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला आपली आणखी एक बाई हजर होती, पंडिता रमाबाई. त्या १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या. आनंदीबाईंचं बोलावणं आलं तशा अटलांटिक ओलांडून मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या. मग तिथेच राहून गावोगाव भाषणं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. परत येताना आल्या वाटेने आल्या नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक महासागर ओलांडून जपान, हाँगकाँग करत फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला उतरल्या. पश्चिमेला गेलेली बाई पूर्वेकडून घरी आली. पृथ्वीला एक वेढाच झाला. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तकही त्याच वर्षीचं.

या दोघी शिकलेल्या. पण समुद्र ओलांडणाऱ्यांत मजूरही होते आणि ते संख्येने कितीतरी जास्त होते. इंग्रजांच्या राज्यात गुलामी बंद झाल्यावर मॉरिशस बेटावरच्या उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते, बायाही होत्या. शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे दाटीवाटीने. करार पाच वर्षांचा, पण बहुतेक जण कधी परतले नाहीत. मजूर जिथे उतरवले जात, ती जागा पोर्ट लुई शहरात आहे. तिला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ साली ती जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. मॉरिशसमध्ये आजही मराठी शिकवली जाते, गणपती बसतो.

मुंबई ते मॉरिशस अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर. विमानाने सहा तासांच्या आसपास. त्या मजुरांसाठी मात्र ते अंतर परत न येण्याएवढं होतं. तिकिटाला पैसा नाही, चिठ्ठी लिहायला अक्षर नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. उचल घेऊन गेलेल्या माणसाला गाव किती लांब वाटतं, ते त्यांना ठाऊक आहे.

विमान

आता हवेतली वाट. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा यांनी छोटं विमान स्वतः चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं. लंडनहून कराचीपर्यंत इंग्रजी कंपनीचं विमान १९२९ पासून यायचं, त्यातलं हे पुढचं टपाल. म्हणजे आपल्याकडे विमानाचं पहिलं काम माणसं नेणं नव्हतं, चिठ्ठ्या नेणं होतं.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. पंख्याची चार इंजिनं, पस्तीस प्रवासी. वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबा. १० जूनला ते लंडनला पोचलं. बोटीचे तीन आठवडे दोन दिवसांवर आले.

ती तारीख आपल्यासाठी वेगळ्या अर्थाने लक्षात राहण्यासारखी आहे. मुंबई स्वतंत्र भारतात होती, तिथून विमान लंडनला उडत होतं. आपला मुलूख मात्र अजून निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरच्या गावातली माणसं घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे जात होती. आपल्याकडे स्वातंत्र्य आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. त्या उन्हाळ्यात आपल्या आज्यांसाठी सगळ्यात लांबचा प्रवास लंडनचा नव्हता. रातोरात सरहद्द ओलांडून पलीकडच्या गावात जाणं, हाच तो प्रवास होता.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे जेट विमानं आली आणि १४ मे १९६० ला लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. मग १ ऑगस्ट २००७ ला मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारं विमान सुरू झालं. सोळा तास ते इथून आले.

सोळा तासांचा हिशोब

आता थोडं व्यवहाराचं. गटात हे करून बघा. एक वाटोळी घागर किंवा चेंडू घ्या. मधोमध आडवी रेघ काढा, ती विषुववृत्त समजा. रेघेच्या जरा वर एका बाजूला मुंबईची टिकली लावा. त्याहून थोडी वर, जवळजवळ पलीकडच्या बाजूला, न्यूयॉर्कची टिकली लावा. आता दोन टिकल्यांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आडवा जात नाही, वर घागरीच्या तोंडाकडे सरकतो. तीच सगळ्यात जवळची वाट. म्हणून भिंतीवरच्या नकाशात विमानाची वाट कमानीसारखी वाकडी दिसते. नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. अमेरिकेला जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो. म्हणून जायला सोळा तास लागले तरी यायला तास-दीड तास कमी लागतो. तगरचा माल नेणारा नावाडी वारा बघून निघायचा. आजचा वैमानिकही आधी वाराच बघतो.

तिसरी गोष्ट घड्याळाची. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. समजा विमान मुंबईहून रात्री दीडला निघालं. सोळा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात, पण उन्हाळ्यात तिथे तेव्हा सकाळचे आठ झालेले असतात. "रात्री निघाली आन् सकाळी पोचली, मंग सोळा तास कसे?" असं कुणी विचारलं तर उत्तर हे. वेळ वाचलेला नाही, फक्त घड्याळ बदललं.

चौथी गोष्ट, वाट कायमची नसते. सुएझ कालवा १९६७ च्या युद्धात बंद पडला तो १९७५ पर्यंत. आठ वर्षं जहाजं पुन्हा आफ्रिकेच्या वळशाने गेली. मार्च २०२१ मध्ये एक मोठं जहाज कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. हवेतही तसंच. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं, तर आपल्या विमानांना लांबून जावं लागलं आणि खर्च वाढला. दोन माणसांचं भांडण झालं की शेताचा रस्ता आडवतात. देशांचंही तसंच आहे.

उंबऱ्यापासून मोजलं तर

आता हा सगळा हिशोब माकणीच्या उंबऱ्यापासून मांडू. माकणी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर, रस्त्याने त्याहून बरंच जास्त. गाडीला दहा-अकरा तास लागतात. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावं लागतं. रात्री दीडचं विमान गाठायचं तर मधल्या खोळंब्याचा विचार करून सकाळी नऊला घर सोडायचं. नऊ ते रात्री दीड, साडेसोळा तास जमिनीवर गेले. पुढचे सोळा तास हवेत. म्हणजे १२,५०० किलोमीटरच्या समुद्रापारच्या प्रवासाला जेवढा वेळ, त्याहून थोडा जास्तच वेळ घरापासून विमानापर्यंत.

तेरच्या गाडीवानाचंही असंच होतं. तीस दिवस भडोचपर्यंत, चाळीस दिवस खुला समुद्र. दोन हजार वर्षांत सगळं आवळत आलं, पण घर ते बंदर हा पहिला टप्पा आपल्याकडे त्या मानाने कमी झाला नाही. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला आली, पुढे लातूरपर्यंत गेली, रस्ते झाले, एसटी आली. तरीही पहिला टप्पा मोठाच राहिला.

आणि हे झालं ज्याच्या हातात तिकिटाचा पैसा आहे त्याचं. बाईच्या वाटेत आणखी एक टप्पा असतो, तो कोणत्याच वेळापत्रकात छापत नाहीत. कुणाला विचारायचं? सोबत कोण येणार? घरचं कोण बघणार? लातूरला नर्सिंगला नंबर लागलेल्या पोरीला घरचे म्हणतात, "लई लांब पडतं." पण तिच्या भावाला पुण्याला पाठवताना तेच लातूर वाटेतलं गाव होतं. अंतर तेवढंच असतं. लांब की जवळ, हे माणसं ठरवतात. रस्ता, गाडी, पैसा आणि परवानगी, या चार गोष्टींनी ते ठरतं. त्यातली शेवटची फुकट आहे आणि तीच सगळ्यात उशिरा मिळते.

आनंदीबाईंनी ज्याच्यासाठी अठ्ठावन्न दिवस घातले, ते काम अजून पुरं झालेलं नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर दवाखाना किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. गाडी यायला किती मिनिटं, पोचायला किती, तिथे डॉक्टर आहे की नाही, हे मोजावं लागतं. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. नंबर तोंडपाठ असला, फोन चार्ज असला आणि पावसात कोणता रस्ता बंद होतो हे आधीच ठाऊक असलं, तर दवाखाना जवळ येतो.

म्हणून येत्या बैठकीत प्रत्येक गटाने एक पान भरावं, अशी आमची विनंती आहे. त्यावर पाच ठिकाणं लिहायची. बाळंतपणाचा दवाखाना, बँक, मुलींचं कॉलेज, तालुक्याचं कचेरी आणि आपलं माहेर. प्रत्येकापुढे किलोमीटर लिहू नका. घरातून निघून पोचायला लागणारा वेळ लिहा, जायचा-यायचा खर्च लिहा आणि जायला कुणाला विचारावं लागतं तेही लिहा. जिचं पान वेगळं निघेल तिला विचारा, वेगळं का? रस्त्यामुळे असेल तर ग्रामसभेत बोलता येईल. पैशामुळे असेल तर गट आहेच. परवानगीमुळे असेल तर चार जणी मिळून तिच्या घरी चहाला जाता येईल.

आणि जमलं तर एखाद्या रविवारी गटाने मिळून तेरला जाऊन यावं. गोरोबाकाकांचं दर्शन घ्या आणि संग्रहालयातली ती हस्तिदंती मूर्तीही बघा. पोरींना बरोबर न्या. आपल्या नदीकाठचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होता, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघू द्या.